पापी द्यायला नाही म्हणता येईल असं घर

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत, बालवाडीत जाणाऱ्या चार वर्षांच्या दोन मुलींवर लैंगिक अत्याचार झाल्याचं उघड झालं. २० ऑगस्टला लोक रेल्वे रुळांवर उतरले, लोकल तासन्‌तास ठप्प झाल्या, पुढे मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. त्यानंतरचे काही आठवडे महाराष्ट्रात सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी, शाळांमधल्या सखी सावित्री समित्या (मुलांच्या सुरक्षिततेकडे बघणाऱ्या समित्या) आणि फाशी यांवर भरपूर बोललं गेलं. त्यातलं बरंचसं गरजेचंही होतं. पण मुळात हे प्रकरण उजेडात आलं कसं, याकडे फारसं कुणी वळून पाहिलं नाही. एका मुलीने घरी सांगितलं, घरच्यांनी ते उडवून लावलं नाही, म्हणून ते बाहेर आलं. तक्रार नोंदवायला पालकांना पोलीस ठाण्यात कितीतरी तास ताटकळत बसावं लागलं, तरी ते उठून घरी गेले नाहीत.

एवढंसं मूल आपल्या शरीराबद्दल काही सांगतं आणि घरातलं मोठं माणूस ते ऐकतं, हे आपोआप घडत नाही. त्याची तयारी आधीच्या दोन-तीन वर्षांत, अंघोळ घालताना, कपडे बदलताना, पाहुणे आले असताना होत असते, किंवा होत नसते. साधारण दोन ते आठ वर्षांच्या मुलांच्या बाबतीत ही तयारी कशी करायची, ते इथे सांगायचा प्रयत्न करतो.

धोका कुणाकडून असतो

‘अनोळखी माणसाकडून चॉकलेट घ्यायचं नाही’ हा आपल्याकडचा सगळ्यात जुना धडा. तो चुकीचा नाही, पण अपुरा आहे, तोही फारच. केंद्र सरकारच्या महिला आणि बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या निम्म्याहून जास्त, म्हणजे ५३ टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक छळ अनुभवल्याचं सांगितलं. छळ करणाऱ्यांपैकी सुमारे निम्मे ओळखीचे किंवा विश्वासातले होते. आणि ज्या मुलांनी छळ झाल्याचं सांगितलं, त्यांत मुलगे मुलींपेक्षा किंचित जास्तच होते. हा आकडा आपल्या कानांवरून जातो आणि लगेच विसरला जातो, कारण ‘मुलगा आहे, त्याला काय होतंय’ हे आपल्या हाडीमाशी खिळलेलं आहे.

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या वार्षिक अहवालांतही बालकांवरच्या बलात्काराच्या गुन्ह्यांत ओळखीच्या आरोपींचं प्रमाण नव्वद टक्क्यांच्या वरच असतं. यात एक मेख आहे. या आकड्यात सोळा-सतरा वर्षांच्या मुलींच्या प्रेमप्रकरणांतून दाखल झालेले गुन्हेही येतात, त्यामुळे तो जसाच्या तसा लहान मुलांना लावता येत नाही. पण दिशा तीच आहे. लहान मुलाच्या बाबतीत तर अनोळखी माणसाला एकांत मिळणंच अवघड असतं. तो मिळतो व्हॅनवाल्या काकांना, शिकवणीच्या सरांना, शेजारच्या दादाला, मे महिन्यात आजोळी एकत्र झोपणाऱ्या मोठ्या भावंडांना, आणि लिहायला जड जातं तरी, काकांना, आजोबांना, क्वचित वडिलांनाही.

शिवाय चार वर्षांच्या मुलाला ‘अनोळखी’ म्हणजे काय, हेच मुळी कळत नाही. वॉचमनने दोनदा नावाने हाक मारली की तो त्याच्या लेखी ओळखीचा झाला.

अशी माणसं एकदम अंगावर येत नाहीत. आधी घरच्यांचा विश्वास कमावला जातो. औषधं आणून देणारा, ‘तुम्ही दोघं नोकरीला जाता, मी सोडतो ना तिला क्लासला’ म्हणणारा, असा तो माणूस असतो. मग मुलाचे लाड होतात, इतर भावंडांपेक्षा जास्त. गुदगुल्या, मस्ती, मांडीवर घेणं हे सुरुवातीला सगळ्यांच्या देखत चालतं, आणि या टप्प्याकडे आपलं सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. आईसमोर काका मांडीवर घेतात आणि आई हसते, म्हणजे काका जे करतात ते आईला माहीत आहे आणि चालतं, अशी मुलाची समजूत होते. पुढे एकांतात तोच हात जरा सरकतो, तेव्हा नक्की कुठे काही बदललं, हे मुलाला सांगता येत नाही. मग येतं ‘हे आपलं गुपित’. आणि शेवटी भीती: आईला सांगितलंस तर तुलाच मार बसेल, आई आजारी पडेल, बाबा मला पोलिसांत देतील आणि ते तुझ्यामुळे होईल.

म्हणून मुलाला फक्त ‘घाणेरडं कुणी काही केलं तर सांग’ एवढं सांगून भागत नाही. त्याला ते घाणेरडं वाटतंच असं नाही. लाड वाटतात, कधी गंमत वाटते, शरीराला सुखदही वाटू शकतं, आणि म्हणूनच नंतर अपराधी वाटतं. ‘गुड टच, बॅड टच’ची हीच अडचण आहे. इंजेक्शन दुखतं पण ते वाईट नाही. गुदगुल्या छान वाटतात पण त्या प्रत्येक वेळी ठीक असतीलच असं नाही. त्यामुळे या विषयात काम करणारी बरीच मंडळी आता ‘सुरक्षित’ आणि ‘असुरक्षित’ स्पर्श म्हणतात, आणि मुलाच्या भावनेपेक्षा सरळ नियमावर भर देतात. नियमांकडे येतोच, पण त्याआधी घरातल्या मोठ्यांकडे बघायला हवं.

आधी मोठ्यांच्या सवयी

दारात पाहुणे येतात. अडीच-तीन वर्षांची मुलगी आईच्या पायामागे लपते. ‘अगं, मामाला पापी दे ना! नाही? मग मामा कट्टी!’ मुलगी मान हलवते. मामा खोटं खोटं रडतो. सगळे हसतात. आजी म्हणते, ‘दे गं, शहाणी ना तू?’ शेवटी मुलीला उचलून मामाच्या मांडीवर बसवतात, ती अंग चोरते, गाल ओला होतो, आणि तिला शाबासकी मिळते.

यात कुणाच्याही मनात काही वाईट नाही. पण त्या पाच मिनिटांत मुलगी काय शिकते, ते मोजून बघा. माझ्या अंगाला हात लावायचा की नाही, हे मोठे ठरवतात. मी नाही म्हटलं तर आवडत्या माणसाला रडू येतं. आणि हट्ट सोडून अंग दिलं की मी शहाणी ठरते. नंतर कुणी ह्याच तीन गोष्टी वापरून तिच्याशी वागलं, तर तिला त्यात वावगं काय दिसणार? शाळेतल्या एका तासात पोलीस दीदी येऊन ‘नाही म्हणा, ओरडा, पळा’ शिकवून जातात, ते चांगलंच आहे. पण घरी रोज त्याच्या उलट सराव चालू असेल, तर एक तास त्याला पुरा पडत नाही.

मुलग्यांच्या बाबतीत आपण याहून एक पाऊल पुढे असतो. उघड्या अंगाने पळणाऱ्या पोराला ‘ए, तुझी नुनू कावळ्याने नेली बघ!’ म्हणत चिमटा काढायला जाणारे काका-आजोबा महाराष्ट्रात घरोघरी सापडतील. पोरगं घाबरून हाताने झाकतं आणि बैठक खदखदते. आणि तोच मुलगा दोन वर्षांनी चड्डीशिवाय बाहेर आला की त्याला ‘शेम शेम’ ऐकावं लागतं. म्हणजे तो अवयव आधी सगळ्यांच्या गमतीचा, नंतर लाजेचा. त्याबद्दल साधेपणाने, हात-पाय-नाकासारखं बोलता येईल अशी मधली जागा आपण ठेवतच नाही.

हे बदलायला कुणाशी भांडावं लागत नाही. थोडा निगरगट्टपणा मात्र लागतो, विशेषतः सुनांना. संवाद साधारण असा होतो:

‘आई, तिला आत्ता नकोय. ती तुम्हाला लांबून नमस्कार करेल.’

‘अगं, मी काय परकी आहे? आमच्या वेळी असली थेरं नव्हती.’

‘तुम्ही परक्या नाहीच. तुम्हाला नाही म्हणता आलं, तर उद्या परक्यालाही म्हणता येईल तिला.’

आजी दोन दिवस घुश्शात राहतील. तिसऱ्या दिवशी नात आपण होऊन गळ्यात पडते, त्याची गोडी वेगळी असते आणि आजींना ती कळते. हे काम शक्यतो ज्याचे आईवडील त्याने करावं. बाबाने आपल्या आईला सांगितलं तर ‘सूनबाईंची नवी फॅशन’ हा शेरा टळतो. गुदगुल्यांचंही तसंच. ‘नको’ म्हटल्यावर लगेच हात काढायचा, मग मूल हसत का असेना. ‘अजून!’ म्हणालं तर पुन्हा सुरू. एवढ्या साध्या खेळात आपला शब्द चालतो, हे मुलाला अंगानेच कळतं.

पाया पडणं, नमस्कार करणं हे संस्कार सोडायला कुणी सांगत नाहीये. आदर दाखवायला अंगाला अंग लागावंच लागतं असं नाही, एवढंच. ‘मोठ्यांचं ऐकायचं’ या वाक्याला मात्र शेपूट जोडावं लागेल: ‘...पण चड्डीतल्या जागेबद्दल कुणी काही सांगितलं, तर ते मोठे असले तरी ऐकायचं नाही. मी, बाबा, सर, कुणीही.’ स्वतःचं नाव त्या यादीत घालायला जीभ अडखळते. तरी घालावं.

मुलाला नक्की काय सांगायचं

दोन-तीन वर्षांचं मूल डोळे कुठे, कान कुठे दाखवत असतं, तेव्हाच बाकीची नावंही सांगून टाकावीत. शिश्न, योनी हे शब्द जड वाटत असतील तर ‘शूची जागा’, ‘शीची जागा’, ‘छाती’, ‘ढुंगण’ चालतील. घराबाहेरच्या माणसाला कळेल असा कुठलाही शब्द चालेल. अडचण होते ती घरगुती लाडक्या नावांची. ‘काका माझ्या चिमणीला हात लावतात’ असं मुलगी बालवाडीच्या ताईंना सांगते, ताई म्हणतात ‘अरे वा, तुझ्याकडे चिमणी आहे?’, आणि तिने गोळा केलेलं सगळं धाडस तिथेच विरतं.

पुढचा नियम चड्डीचा. चड्डीने आणि बनियन-फ्रॉकने झाकलेल्या जागा खासगी. त्यांना कुणी बघायचं नाही, हात लावायचा नाही, त्यांचे फोटो काढायचे नाहीत. अपवाद दोनच: अंघोळ आणि शी-शू स्वच्छ करणं, तेही ठरलेल्या माणसाकडूनच, आणि दुखत असेल तर डॉक्टर, तेही आई किंवा बाबा खोलीत असताना. याची दुसरी बाजू सांगायला लोक हमखास विसरतात. कुणी आपली खासगी जागा मुलाला दाखवली, तिला हात लावायला सांगितलं किंवा मोबाइलवर उघड्या माणसांचे व्हिडिओ दाखवले, तर तेही तितकंच नियमाबाहेरचं. अनेक मुलांच्या बाबतीत सुरुवात इथूनच होते. ‘मला तर कुणी हात लावलाच नाही’ म्हणून मूल गप्प राहतं.

गुपितांबद्दल घरात एकच कायदा असावा: आपल्या घरात आई-बाबांपासून गुपित नसतं. मग बाबांच्या वाढदिवसाचा केक? ते सरप्राइझ, ते संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळणारच असतं. जे कधीच कुणाला सांगायचं नाही असं कुणी म्हणेल, ते त्याच दिवशी सांगायचं. हा कायदा मोठ्यांनीही पाळायचा, हे ओघाने आलंच. ‘आजीने आइस्क्रीम दिलं, आईला सांगू नकोस हं’ हे आजपासून बंद.

मग पाच बोटं, पाच माणसं. मुलाच्या हाताचा ठसा कागदावर काढायचा आणि प्रत्येक बोटावर, काही झालं तर ज्याला सांगता येईल अशा एका माणसाचं नाव त्यालाच ठरवू द्यायचं. त्यात एक तरी नाव घराबाहेरचं हवं, बाई, शेजारच्या मावशी, कुणीही, कारण धोका घरातच असेल तर घरातली चारही बोटं गप्प बसू शकतात. आणि हेही सांगायचं: पहिल्याने ऐकलं नाही तर दुसऱ्याला सांग, दुसऱ्याने नाही ऐकलं तर तिसऱ्याला. आपण सगळे मुलाला ‘सांग’ म्हणतो. ‘सांगत राहा’ म्हणणारे थोडे.

हे सगळं एका बैठकीत सांगायचं नाही. रविवारी दुपारी सोफ्यावर बसवून, गंभीर चेहरा करून सांगितलेली गोष्ट मुलाला भयंकर वाटते आणि त्या विषयावर पुन्हा तोंड उघडायचं नाही, हेच त्याला कळतं. अंघोळीच्या बादलीशेजारी, स्कूटरवरून येताना, दोन-चार वाक्यांत, पुन्हा पुन्हा. चार-पाच वर्षांच्या पुढे ‘काय करशील’चा खेळ छान चालतो. बाबा विचारतो, ‘व्हॅनवाले काका म्हणाले, तुला सगळ्यात शेवटी सोडतो, पुढे माझ्या मांडीवर बस, तर काय करशील?’ मुलगा म्हणतो, ‘मी म्हणणार, मला मागेच बसायचंय.’ ‘आणि ते म्हणाले, बाबांनीच सांगितलंय?’ मुलगा विचारात पडतो. खरा धडा या थांबण्यात असतो. ‘मग घरी आल्यावर मला विचार, मी खरंच सांगितलं होतं का. मी रागावणार नाही.’ मध्ये मध्ये ‘डबा सांडला तर काय करशील’, ‘बाजारात हात सुटला तर काय करशील’ असे साधे प्रश्नही पेरावेत, म्हणजे खेळ खेळच राहतो.

एवढ्या लहान वयात हे सांगितलं तर मूल घाबरणार नाही का, ही शंका रास्त आहे. वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या कोक्रेन या संस्थेच्या २०१५ च्या आढाव्यात जगभरातले २४ अभ्यास आणि सुमारे ५,८०० मुलं एकत्र तपासली होती. शाळांमधून असं शिक्षण घेतलेल्या मुलांची माहिती आणि काय करायचं याची समज वाढली, भीती किंवा चिंता वाढल्याचं दिसलं नाही. मात्र त्यामुळे अत्याचार खरोखर कमी होतात का, याचं ठाम उत्तर त्या अभ्यासांतून मिळालं नाही.

मला हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं वाटतं. वीस किलोचं मूल ऐंशी किलोच्या माणसाला रोखू शकत नाही. घाबरलेलं मूल बहुतेक वेळा ओरडत नाही, पळत नाही, गोठून जातं. शिकवण्याचा खरा उपयोग आहे तो लवकर कळावं, लवकर थांबावं आणि मुलाने स्वतःला दोष देऊ नये यासाठी. अडवायचं काम मोठ्यांचं. लग्नघरी रात्री कोण कुठे झोपणार, हे आधी ठरवायचं आणि लहान मुलांना आपल्या दोघांच्या मध्ये झोपवायचं. शिकवणीच्या खोलीचं दार उघडं ठेवायला सांगायचं आणि कधीमधी न सांगता अर्धा तास आधी पोचायचं. व्हॅनमध्ये सगळ्यात आधी कोण चढतं आणि सगळ्यात शेवटी कोण उतरतं, याची चौकशी करायची, महिला मदतनीस आहे का ते बघायचं. मूल एखाद्याकडे जायला अचानक नको म्हणू लागलं, तर ‘नाटकं करू नकोस’ म्हणण्याआधी एक दिवस तरी थांबायचं. उघड्या बाळाचा टबमधला फोटो फॅमिली ग्रुपवर टाकायचा मोह आवरायचा. ग्रुपवर नव्वद माणसं असतात, आणि त्यातली किती आपल्याला खरंच माहीत असतात?

कळणार कसं

खात्रीचं असं एकही लक्षण नसतं. अंथरूण ओलं करायचं थांबलेलं मूल पुन्हा करू लागतं, झोपेत दचकतं, विशिष्ट माणसाच्या नुसत्या नावाने कावरंबावरं होतं, वयाला न शोभणारे लैंगिक शब्द किंवा हालचाली करतं, बाहुल्यांशी तसं खेळतं, शूच्या जागी दुखतं म्हणतं, चड्डीवर डाग दिसतो. यातलं काही नवं भावंड आल्यावर, शाळा बदलल्यावर, जंत झाल्यावरही होतं. तेव्हा लगेच निष्कर्ष नको, पण दुर्लक्षही नको. डॉक्टरांना दाखवावं.

याउलट तीन-चार वर्षांचं मूल स्वतःच्या अवयवाशी चाळा करतं, ‘तुझं असं का आणि माझं तसं का’ विचारतं, हे सर्वसाधारण कुतूहल आहे. हातावर चापट मारून ‘घाण!’ म्हटलं, तर त्या जागेबद्दल बोललं की मार मिळतो, एवढंच ते शिकतं. ‘ते चारचौघांत करायचं नाही, ती खासगी जागा आहे’ इतकं पुरे. दुसऱ्या मुलाच्या चड्डीत हात घालायचा नाही, हेही त्याच सुरात. नियम दोन्ही बाजूंनी असतो आणि मुलग्यांना ही दुसरी बाजू कमी सांगितली जाते.

मुलाने सांगितलं तर

मुलं सरळ सांगत नाहीत. तुकडा टाकून बघतात. ‘मला त्या काकांकडे नाही जायचं’, ‘ते काका वेडे आहेत’, ‘माझ्या मैत्रिणीला एकाने असं केलं’. आपण कसा चेहरा करतो, यावर पुढचा तुकडा अवलंबून असतो. कधी सांगून झाल्यावर ‘मी गंमत केली’ म्हणून शब्द मागेही घेतात, विशेषतः घरात रडारड सुरू झाली तर. मागे घेतलं म्हणून खोटं ठरत नाही.

त्या क्षणी तीनच वाक्यं पुरतात: तू सांगितलंस ते बरं केलंस. माझा तुझ्यावर विश्वास आहे. यात तुझी काहीच चूक नाही. ‘मी त्याला सोडणार नाही’ असं ओरडायचं नाही, कारण मूल त्या माणसाच्या जिवाला घाबरतं. तो बहुधा त्याचा लाडकाही असतो. ‘कुणालाच सांगणार नाही’ असं वचन द्यायचं नाही, कारण ते पाळता येणार नाही. खोदून प्रश्न विचारायचे नाहीत. ‘काकांनी इथे हात लावला ना?’ असा उत्तर आत भरलेला प्रश्न तर नकोच. ‘मग काय झालं?’ एवढंच. मूल जे आणि ज्या शब्दांत बोललं, ते बाहेर येऊन लिहून ठेवावं, तारीख-वेळेसह. आणि ‘तू तेव्हाच का नाही सांगितलंस?’ हा प्रश्न आयुष्यात कधीही विचारू नये.

घटना नुकतीच घडली असेल तर मुलाला अंघोळ घालू नये, कपडे धुऊ नयेत, ते कागदाच्या पिशवीत ठेवावेत आणि सरकारी किंवा पालिकेच्या रुग्णालयात जावं. खासगी रुग्णालयही उपचार नाकारू शकत नाही. अत्याचारपीडितांवर तातडीने आणि मोफत उपचार करणं सगळ्याच रुग्णालयांवर बंधनकारक आहे. एचआयव्हीपासून बचाव करणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, म्हणून ‘उद्या बघू’ परवडत नाही. दिवस उलटून गेले असले तरीही तपासणी करावीच.

कायदा आहे पोक्सो, लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२. त्या वर्षीच्या १४ नोव्हेंबरपासून तो लागू झाला. मुलगा-मुलगी भेद नाही, अठरा वर्षांखालचं प्रत्येक जण यात बालक. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने कपड्यांवरून केलेल्या स्पर्शाला या कायद्यातल्या लैंगिक हल्ल्याच्या कलमातून वगळलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने १८ नोव्हेंबर २०२१ ला तो निर्णय रद्द केला: हेतू लैंगिक असेल तर स्पर्श कपड्यांवरून झाला की त्वचेला, याने फरक पडत नाही. ‘वरवर हात फिरवला, एवढं काय’ म्हणणाऱ्या नातेवाइकांना हे ऐकवता येतं.

पोलीस ठाण्याच्या धास्तीने बरेच जण थांबतात. कायद्यात लिहिलेलं आहे ते असं: मुलाचा जबाब घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी घ्यायचा, शक्यतो उपनिरीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, आणि गणवेशात नाही. सोबत आईवडील किंवा मुलाचा विश्वास असलेलं माणूस. मुलीची तपासणी महिला डॉक्टरकडून. रात्री मुलाला ठाण्यात थांबवायचं नाही. २४ तासांत बालकल्याण समितीला कळवायचं, आणि समिती मुलासाठी एक साहाय्यक व्यक्ती देऊ शकते, जी खटला संपेपर्यंत सोबत असते. न्यायालयात मूल आणि आरोपी समोरासमोर येऊ द्यायचे नाहीत, मुलाचं नाव-गाव-शाळा कुठेही छापायची नाही. प्रत्यक्षात यातलं सगळं दर वेळी होतंच असं नाही, बदलापूरला काय झालं ते आपण पाहिलं. पण काय व्हायला हवं, हे माहीत असलेला पालक ठाण्यात वेगळ्या आवाजात बोलतो. हद्दीचं कारण सांगून गुन्हा नाकारता येत नाही. कुठल्याही ठाण्यात शून्य क्रमांकाने तो नोंदवता येतो. १०९८ ही बालकांसाठीची हेल्पलाइन १९९६ मध्ये मुंबईत सुरू झाली, आता ती सरकार चालवतं. मूल स्वतःही तिथे फोन करू शकतं. उपचार आणि पुनर्वसनासाठी राज्याची मनोधैर्य योजना आहे, तिच्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जायचं.

आरोपी घरातलाच निघाला, तर मात्र सगळं घर एका रात्रीत दुभंगतं. ‘म्हाताऱ्या माणसाला आता तुरुंगात पाठवणार?’, ‘पोरीचं पुढे लग्न व्हायचंय’, ‘आपण त्याला घरात येऊ देत नाही, मिटवून टाका’. पोक्सोचं कलम १९ इथे फार स्पष्ट आहे. असा गुन्हा झाल्याचं ज्याला माहीत आहे, त्याने पोलिसांना कळवलंच पाहिजे. लपवणाऱ्याला कलम २१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो, संस्थाप्रमुखाने लपवलं तर एक वर्षापर्यंत. सद्‌हेतूने कळवणाऱ्याला मात्र पूर्ण संरक्षण आहे. व्यवहारातही ‘घरात येऊ देत नाही’ हा उपाय फसवा असतो, कारण त्या माणसाला दुसरं घर मिळतं आणि तिथेही मुलं असतात.

तक्रार झाल्यावर मुलाचा दिनक्रम मोडू नये. शाळा, खेळ, चित्रकलेचा क्लास, सगळं चालू ठेवावं. ‘आता तुला एकटीला कुठे सोडायचं नाही’ असा पहारा बसला की सांगितल्याची शिक्षा मलाच झाली, असं मूल धरून चालतं. येणाऱ्या-जाणाऱ्याने तिला कुरवाळून ‘काय गं सोसलंस’ म्हणणंही थांबवायचं. लहान मुलांवर काम करणाऱ्या समुपदेशकाकडे सुरुवातीलाच जावं, लक्षणं दिसायची वाट न बघता. आईवडिलांनीही स्वतःसाठी जावं. झोप त्यांचीही उडालेली असते आणि एकमेकांना दोष देणं सुरू होतं. पुढे वयात येताना, दहा-बारा वर्षांच्या सुमारास, तेव्हा काय झालं होतं त्याचा अर्थ मुलाला नव्याने लागतो आणि जुने प्रश्न परत वर येतात. त्या वेळी पुन्हा समुपदेशकाकडे जावं लागलं, तर आधीचे उपचार वाया गेले असं समजू नये.